उशिरा येणाऱ्यांसाठी टाळ्या

दुबईच्या अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरखाली सकाळी शाळेची बस थांबते आणि दारात ती उभी असते. मुलांना सांभाळणारी नॅनी, युगांडाची, उंच, पिवळ्या जॅकेटमधली. नाव मी कधी विचारलं नाही. मुलं आंटी म्हणतात. मूल पायरी चढलं की ती टाळ्या वाजवते, मग आतली मुलंही वाजवतात. उशिरा येणाऱ्याला तर सगळ्यात जोरात!

त्यामुळे आमचे चिरंजीव मुद्दाम बुटांच्या नाड्यांशी खेळत बसायला लागले. मी चिडून तिला म्हटलं, "तुम्ही मुलांना बिघडवताय."

ती खळखळून हसली. "मम्मा, आमच्या गावात चर्चची शाळा होती, अनाथ मुलांची. मीपण तिथलीच. 'आलीस का गं?' म्हणणारं आम्हाला कुणी नव्हतं. म्हणून फाटकात सिस्टर टाळ्या वाजवायच्या. उशिरा येणारा लांबून चालत आलेला असायचा, त्याला जास्त." मग माझ्या लेकाकडे वळून म्हणाली, "यल्ला, चल, चढ बेटा!"

परवा दुपारी लेकाला बसवरून घ्यायला मी ऑफिसातून निघाले ती दुबईच्या ट्रॅफिकमध्येच अडकले. घरचं माणूस दिसल्याशिवाय लहान मुलांना उतरवत नाहीत, त्यामुळे अख्खी बस माझ्यासाठी खोळंबलेली. सँडल हातात घेऊन मी धावत सुटले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तोच आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. एरवी कुरकुरणारा पठाण ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंग सोडून टाळ्या पिटत होता.

आणि पायरीवरून माझा लेक आनंदानं ओरडला, "आई, यू केम!"