चार घास कमी

आमच्या वरच्या मजल्यावरचे बाबलकाका जुन्या लॅपटॉपच्या सेलची लग्नं जुळवायचे. इथे आखातात, तुबलीच्या एका गॅरेजात दिवसभर गाड्यांचं वायरिंग करून आले, की चहा घेऊन गच्चीवर. भंगारातून आणलेले बोटाएवढे सेल मीटर लावून एकेक तपासायचे. सारख्या ताकदीचे एकत्र, मरतुकडे बाजूला. "कुंडली जुळल्याशिवाय जोडूचा नाय," म्हणायचे. "एक आळशी निघालो, तर अख्ख्या घराक खाली ओढता." यावर आमची ही माझ्याकडे का बघायची, कोण जाणे.

हा छंद नव्हता. गावी इंदूकाकींना दमा. वाफेचं मशीन विजेवर, आणि कुडाळकडच्या त्यांच्या वाडीत तारेवर झाड पडलं की वीज दोन-दोन दिवस रुसते. काका नोकरी सोडून कायमचे परतणार होते. सोलर पॅनल गावी मिळेल; बॅटरी मात्र आपल्या हातची हवी, उचलून काकींच्या खाटेजवळ नेता येईल अशी.

गच्चीवरच्या पॅनलवर जुळवलेल्या सेलची ती डब्याएवढी पेटी चार्ज होत असताना मी उत्साहाने म्हटलं, "काका, फुल्ल होऊ दे की!"

"शिरा पडो! ती काय पावणी आसा, आग्रह करून वाढूक? चार घास कमी ठेव, वर्सांनुवर्सं टिकतली." मग माझ्या पोटाकडे बघून, "तुकाव लागू आसा ह्यां."

जायच्या दिवशी पेटी ब्लँकेटमध्ये गुंडाळून खजूर-साबणांच्या खोक्यात भरली. दोरी मी बांधली. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सामान में बैटरी?" दुसरा कुणी गप्प बसला असता. काकांची छाती फुगली. "हां मॅडम! खुद बनाया!"

खोकं उघडायचा हुकूम झाला. माझ्या गाठी कुणालाच सुटेनात. जन्मात एक काम पक्कं केलं, तेही कापावं लागलं. घरी बनवलेली बॅटरी विमानात मफी, नाही म्हणजे नाही.

काकांनी पेटी माझ्या हातात दिली. मग रांगेतून वळून म्हणाले, "बॅटरी अडवली त्यांनी. हात अडवूक नाय. यल्ला, जा तू घराक."

पेटी माझ्याकडेच राहिली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी काकांचा फोन. "माझ्या लेकीक काय वाढलंस?" मी सांगायचो, "चार घास कमी." तिकडच्या बॅटरीचं विचारलं की नुसतं "इंशाल्ला." सेल शोधायला कोल्हापूरपर्यंत हेलपाटे चालले होते.

मागच्या शुक्रवारी व्हिडिओ कॉल आला तो काळोखाच. "सकाळपासून लाइट नाय," काका म्हणाले.

मी घाईने विचारलं, "आणि काकी?"

काकांनी फोन खाटेजवळ नेला. एक बारीक हिरवा दिवा दिसला, मशीनची घरघर ऐकू आली. मग मास्क बाजूला करून काकी म्हणाल्या, "ह्यांका सांग रे बाबा. मी जेवलंय काय, ता इचारनत नाय. बॅटरीक मातर धा वेळा इचारतत!"