गोलकीपरचं पत्रक

सकाळचे साडेसात वाजले होते. गॅसवर दूध होतं, मशीनमध्ये कपडे घरघरत होते आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात सगळं घर पालथं घालत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. मी आधी दोन थापा असं लिहिलं होतं, पण जिने मारल्या ती म्हणते तीन होत्या. तर तीन.

बेल असताना दार वाजवणारं माणूस आमच्या ओळखीत एकच. आमच्या मजल्यावर चारही घरांच्या बेल जिन्याच्या तोंडाशी एकाच पट्टीवर आहेत, शेजारी बारीक अक्षरात नावांच्या चिठ्ठ्या. लहानपणी ती भलतीच बेल दाबायची आणि ज्यांची झोप मोडायची ते तिच्यावर खेकसायचे. तेव्हापासून ती बेलच्या वाटेला जात नाही.

"तुझी डिंक आलीय बघ," हे पलंगाखालून म्हणाले.

डिंक सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. चेंडू एकदा हाताला लागला की सुटत नाही म्हणून संघातल्या मुलींनी हे नाव ठेवलंय. वडील नळदुरुस्तीचं काम करतात. त्यांच्या हाताखालून गेला नाही असा एकही नळ आमच्या इमारतीत नाही. आई घरी पडदे शिवते. आणि ही मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला येत होती.

त्या दोन वर्षांबद्दल मी सहसा बोलत नाही.

मी तेव्हा सात-आठ मुलांना घरी शिकवायचे. नियम साधा होता. जो शब्द चुकेल तो वीस वेळा लिहायचा. बाकीच्यांच्या वह्या वर्षभर पुरायच्या, हिच्या महिन्यात संपायच्या. एकदा मात्र तिने धडा घडाघडा वाचला. मी खूश होऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तर समोर पान भलतंच उघडलेलं. इतर मुलं वाचताना ऐकून ऐकून तिने अख्खा धडा पाठ केला होता. एवढ्याशा पोरीने केवढी मेहनत घेतली होती ते मला दिसलंच नाही. दिसली ती फक्त लबाडी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला बोलावून घेतलं. "हुशार आहे हो, पण कामचुकार आहे. सगळं ध्यान मैदानावर. वाचता येईपर्यंत खेळ बंद करा."

शिकल्यासवरल्या बाईचं म्हणणं, आईने ऐकलं. फुटबॉलचे बूट शिलाई मशीनच्या पेटीत कुलपाआड गेले. वाचता काही आलं नाही, ते नाहीच.

पुढे शाळा बदलली आणि तिथल्या एका शिक्षिकेने तिची तपासणी करून घेतली. डिस्लेक्सिया निघाला. बुद्धी उत्तम, नजर उत्तम, छापलेली अक्षरं तेवढी हिच्यापुढे एका जागी ठरत नाहीत, आणि अशा मुलांना वाचायला शिकवायची रीतच वेगळी असते. हे मला तिच्या वडिलांनी सांगितलं, आमच्या सिंकखाली आडवं पडून, पाना फिरवता फिरवता. "तुमचा काय दोष त्यात बाई? कुणाला ठाऊक होतं?" मी वरून "हो ना" म्हटलं आणि चहा टाकला. जाताना मजुरी जरा जास्त दिली. वरचे पैसे त्यांनी मोजून ओट्यावर ठेवले.

तर त्या सकाळी मी दार उघडलं आणि नेमकं मागे दूध वर आलं. मी वळायच्या आत डिंक माझ्या बाजूने सुळकन आत गेली आणि गॅस बंद. थेंबही सांडला नाही.

"वाचवलं," ती म्हणाली. मग तशीच ओट्याला टेकून, "बाई, निवड झाली."

परदेशात अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. राहण्या-जेवण्याची सोय तिथले लोक करणार, विमानाचं तिकीट आणि व्हिसा ज्याचा त्याने बघायचा. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर राखीव गोलकीपर जाणार. वडिलांनी निम्म्याची तजवीज केली होती. उरलेल्यासाठी सरांनी, म्हणजे त्यांच्या कोचनी, प्रत्येकीला आपापलं पत्रक काढायला सांगितलं होतं.

"मी बोलते, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "तुमचं अक्षर चांगलंय."

वीस-वीस वेळा शब्द लिहायला लावणाऱ्या बाईकडेच ती आली होती. मी वही काढली.

"लिहा. मी गोलकीपर आहे. मागच्या मोसमात चौदा सामने खेळले. नऊ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. चार पेनल्टी अडवल्या. नको, तीन लिहा. एक खांबाला लागली होती."

"लिहिलं."

"मला डिस्लेक्सिया आहे. तेही लिहा, लपवायचं नाही. वाचायला मला वेळ लागतो. चेंडू कुठे येणार ते लवकर कळतं. स्पर्धेला जायचंय, तिकिटासाठी मदत करा. झालं."

"एवढंच?"

"आणखी काय असतं?"

"दुसरा मोजा असतो," हे म्हणाले. तो तिच्याच पायापाशी, टेबलाखाली होता. तिने उचलून फेकला. ह्यांना झेलता आला नाही.

ती सरावाला गेली. घर रिकामं झाल्यावर मी वही उघडली आणि मला ते फार कोरडं वाटलं. अशाने कोण खिशात हात घालणार? कॉलेजात असताना माझ्या निबंधांना बक्षिसं मिळायची. त्यातून मला या मुलीसाठी काहीतरी भरघोस करायचं होतं, जुनं काहीतरी फेडायचं होतं. पेन धरलं आणि सुटलेच. "नळदुरुस्ती करून कसंबसं पोट भरणाऱ्या बापाची ही अभागी लेक. अक्षरांच्या काळोखात चाचपडणारा हा कोवळा जीव. तिच्या रित्या ओंजळीत आपल्या करुणेचं दान पडू दे." असं पानभर. नऊ सामने आणि तीन पेनल्टी काढून टाकल्या. आकड्यांनी लय बिघडत होती.

पानाचा फोटो काढून ह्यांना ऑफिसात पाठवला. "डोळ्यांत पाणी आलं गं," हे फोनवर म्हणाले. "पण ती खेळते काय, ते कुठे आलंय?"

"शेवटच्या ओळीत आहे."

पाठवायच्या आधी तिला एकदा ऐकवावं, असं मनात आलं होतं. नाही असं नाही. पण ती सरावाला गेलेली, मला उत्साह अनावर झालेला. आणि आत कुठेतरी, आता लिहायलाही जड जातंय, मी म्हटलं होतं की ती थोडीच वाचणार आहे. दुपारपर्यंत ते इमारतीच्या ग्रुपवर, माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आणि छापखान्यात गेलं होतं.

पैसे आले, भराभर आले. मला लोकांचे फोन येत होते, काय सुंदर लिहिलंत म्हणून. चार दिवस मी तरंगत होते.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. "अहो, आमचा नळ दुरुस्त करायला आले होते तिचे वडील. तुमचं वाचून मला इतकं वाईट वाटलं, मी ह्यांचे चार जुने शर्ट बांधून दिले त्यांना." वर्षानुवर्षं हा माणूस काकूंच्या घरी येत होता. ताठ मानेने काम करायचा, सांगितली तेवढीच मजुरी घ्यायचा, चुकीचा नळ विकत आणला म्हणून काकूंना रागवायचासुद्धा. आणि एका दुपारी मी त्याला जुने शर्ट मिळवून दिले होते. संध्याकाळी तिची आई समोरून आली. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पडद्यांचा गठ्ठा या खांद्यावरचा त्या खांद्यावर घेतला. नेहमी थांबून बोलायची.

आठवड्याने दारावर पुन्हा तीन थापा.

डिंक आली, खुर्चीत बसली आणि खिशातून घडी केलेलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. घड्यांवर ते मऊ पडलं होतं.

"वाचलं," ती म्हणाली.

"कुणी वाचून दाखवलं?"

"मीच वाचलं. पाऊण तास लागला." तिने पत्रकाच्या आतून काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. मधे एका ओळीएवढी खिडकी कापलेली. "ही सरकवत सरकवत वाचते मी. 'करुणेचं' पाशी जरा अडले."

मला कुठे बघावं ते कळेना. मी पट्टीकडे बघत राहिले.

"मुली काय म्हणतात?" काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"चेंडू सुटला की म्हणतात, काळोखात दिसला नाही का गं. आणि अडवला की सगळ्या मिळून, ओंजळीत पडला, ओंजळीत पडला." ती थोडी हसली. "ते चालतं. त्या मलाच नाही, सगळ्यांनाच बोलतात. पण बाबा घरी आले ते हातात पिशवी घेऊन. दुसऱ्या दिवशी शर्ट इस्त्री करून काकूंना परत देऊन आले."

"मी मागे घेते ते पत्रक. आजच. तू सांगितलं होतंस तसंच्या तसं लिहून सगळ्यांना पाठवते."

"आता कशाला, बाई? काल तिकिटाचे पैसे भरले सरांनी. मी चाललेय. आई म्हणाली, पैसे परत देऊन टाकू. बाबा म्हणाले, शर्ट परत द्यायचे, पैसे नाही. हिला गोलात उभं राहायचंय."

मग माझ्याकडून जुनंही बाहेर आलं. "तेव्हाही मीच," मी म्हटलं. "तुझे बूट बंद करायला मीच सांगितलं होतं."

"माहितीय. आई किल्ली सुयांच्या डब्यात ठेवायची. मी उघडून बघायचे. घालायचे नाही, नुसती बघायचे. वर्षाने मिळाले तर पाय मावेना." हे ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "अनवाणी गेले मैदानावर. पाय तुडवले जातील म्हणून तिथल्या मुलींनी मला गोलात उभं केलं. तेव्हापासून तिथेच."

ते ऐकून मला एकदम हायसं वाटायला लागलं. म्हणजे माझ्यामुळेच तर, असं वाक्य ओठांपर्यंत आलं. तिने माझ्याकडे बघितलं, पेनल्टी घेणाऱ्याच्या पायाकडे बघत असेल तसं, आणि मी ते वाक्य गिळलं. तिचं एक वर्ष गेलं होतं. त्याचं पुढे तिने काय केलं ते तिचं होतं, त्यात माझा वाटा काही नव्हता.

"चिडली आहेस का गं?" मी विचारलं.

"चिडले होते. वाचत होते तोवर. निम्म्यावर आले तेव्हा वाटलं, ही कोण मुलगी? हिला तर चेंडूही धरता येणार नाही."

मी चहा विचारला. ती नको म्हणाली, सरावाला उशीर होत होता. पट्टी तिने जपून खिशात ठेवली, पत्रक टेबलावरच राहू दिलं. दारापर्यंत गेली, बुटाची नाडी बांधायला वाकली आणि वाकूनच म्हणाली,

"बाई, एक कराल? माझ्याबद्दल पुन्हा काही लिहिलंत, तर कुणाला द्यायच्या आधी मला वाचून दाखवा."