ओतून द्यायला शिकलेली कालिंदा

फोन आला तेव्हा मी डेअरीवर सकाळचं दूध मापून घेत होतो. पुण्याहून कालिंदाची विद्यार्थिनी बोलत होती. "मॅडम गेल्या..." एवढंच म्हणाली. आजारपण ठाऊक होतं, तरी हातातलं माप खाली ठेवायचं सुचलं नाही. कालिंदा माझी चुलतबहीण. शिरूर कासारकडच्या आमच्या वस्तीवरून कॉलेजात गेलेले आम्ही दोघंच पहिले. मी बी.ए. होऊन दूध संस्थेत चिकटलो, ती शास्त्रज्ञ झाली. हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

ती एम.एस्सी. झाली तेव्हा तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी जमवली होती. तात्या ऊसतोड टोळीचे मुकादम, त्यांच्या शब्दाला वजन होतं. हिनं नको म्हटलं. पुण्याला संशोधन करायचं होतं. तात्यांनी बोलणंच टाकलं. मग एकदा विचारलं, करणार काय तिथं? ती सांगू लागली. पेशीत जनुकाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. तिच्यात मधे मधे नको असलेले तुकडे असतात. ते कापून टोकं जोडणारं यंत्र तयार ठेवलेलं नसतं. त्याचे भाग आधी वेगवेगळे घडतात. काही तर पेशीच्या केंद्रकाबाहेर जातात, प्रथिनांचं कडं चढवून परत येतात, मग कामाच्या जागी जुळतात आणि काम झालं की पांगतात. "आपल्या टोळीगत, तात्या."

"आन मुकादम कोण हाय तिथं?"

"तेच बघाया चाललेय."

तात्यांना हसू आलं. "एक साल देतो. न्हाई जमलं तर गुमान कारखान्यावर यायचं."

ते साल दुष्काळाचं निघालं. वस्तीवर टँकर, आणि पुण्यात तिचं काम अडलेलं. यंत्राचे भाग बारीक मण्यांवर धरायचे आणि द्रावणानं धुवायचे, म्हणजे उगाच चिकटलेलं निघून जातं, खरे जोडीदार तेवढे राहतात. तिच्या मण्यांवर सगळा गोतावळाच राहायचा. कोण टोळीतला, कोण वाटसरू, कळेना. तिचे सर म्हणाले, विषय बदला. इकडं तात्यांनी कारखान्यात पुन्हा शब्द टाकला... आणि एका दुपारी तिचा फोन आला. हसतेय की रडतेय, मला उमगेना. "दादा, लई येडी हाय मी. मी पाणी वाचवीत होते." नळी भरभरून धुवायचं तिथं ही थेंबभरानं धुवायची, एकदा वापरलेलं द्रावण पुन्हा वापरायची. आमच्याकडं अंघोळीच्या पाण्यात कपडे आणि कपड्यांच्या पाण्यानं अंगण, हेच पाहत ती वाढलेली. चांगलं पाणी ओतून द्यायला हात धजत नव्हता.

तिनं तो धजवला. मण्यांवर मोजकेच उरले, आणि त्यांत कडं चढवायला मदत करणारं एक नवं प्रथिन सापडलं. तात्या डेअरीवर येऊन सगळ्यांना सांगायचे, पोरीनं मुकादम धरला. ती दुरुस्त करायची, "मुकादम न्हाई तात्या, मुकादमाचा माणूस." तात्या म्हणायचे, तेच ते.

दहाव्याला तिचे विद्यार्थी वस्तीवर आले होते. त्यांतली एक सांगत होती, नव्या मुलाला मॅडम पहिल्या दिवशी शुद्ध पाण्याचा जग द्यायच्या आणि बेसिनमध्ये ओतून दे म्हणायच्या, सगळा. तो ओतेपर्यंत स्वतः मात्र खिडकीकडं तोंड करून उभ्या राहायच्या... हा रिवाज त्या पोरांनी चालू ठेवलाय. खिडकीपाशी आता कुणी उभं राहत नाही, म्हणाली.