उसनी खेळाडू

आमच्या ऑफिसच्या टीममध्ये मला घेतलं ते बायका कमी पडत होत्या म्हणून. कॅनडातल्या आमच्या रेजिना शहरात उन्हाळ्यात हौशी लोकांची सॉफ्टबॉलची जी लीग चालते, तिचा छापील नियम असा की मैदानात निदान तीन बायका हव्यात, नाहीतर सामना समोरच्या टीमला बहाल. आमच्याकडे होत्या दोन. तेव्हा आमचा कॅप्टन, म्हणजे पगारविभागाचा साठीला टेकलेला साहेब, माझ्या टेबलाशी आला आणि अजिजीने म्हणाला, "नुसती उभी राहिलीस तरी चालेल."

मी मनातून भडकले. मी अमरावतीची. आमच्याकडे शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात, आणि मी कॉलेज संपेपर्यंत खेळले. पण इथे भारतातून आलेल्या माणसाला क्रिकेटपलीकडे काही ठाऊक असेल असं कुणाला वाटतच नाही. मी गोड हसून "ट्राय करते" म्हटलं. पहिल्याच सरावात चेंडू कुंपणापलीकडे पार्किंगमध्ये जाऊन पडला, तोही नेमका कॅप्टनच्या गाडीशेजारी. त्यानंतर नुसतं उभं राहण्याचा विषय निघाला नाही.

आमचा खेळ म्हणजे बेसबॉलचं घरगुती रूप. चेंडू मोठा, टाकायचा खालून आणि सावकाश. फटका मारून तीन बेसना, म्हणजे जमिनीवरच्या तीन ठाण्यांना, पाय लावत घरी, म्हणजे निघालो तिथे, परतलं की एक रन. बाकी सगळं, विशेषतः रीतभात, थेट बेसबॉलची. पुस्तकातले नियम मला पाठ होते. न लिहिलेले शिकायला दोन उन्हाळे गेले. एकदा आम्ही भरपूर रनांनी पुढे होतो आणि मी दुसऱ्या बेसवरून तिसऱ्यावर जीव खाऊन पळाले. वाटलं, आता टाळ्या. माझ्याच टीममधले लोक बुटांकडे बघत बसले. पुढे असताना असं हावरटासारखं पळायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तसंच, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या अंगावर सरळ फटका मारायचा नाही. तो उभा असतो ती मातीची जागा तुडवत जायचं नाही, वळसा घालून जायचं. फटका बसला की बॅट हवेत फेकून तोरा मिरवायचा नाही. आणि हे सगळं सांगणार कोण? इथली माणसं इतकी सभ्य की चूक तुमची असली तरी सॉरी तेच म्हणतात. काय चुकलं ते तुमचं तुम्ही हुडकायचं.

मी कॅप्टनला विचारायची, "का पण?" तो खांदे उडवायचा. "तसं करत नाहीत." हे उत्तर आमच्या घरात कधी चाललं नाही. माझे वडील मास्तर. एखादी गोष्ट सगळे करतात म्हणून करायची, हे त्यांना बिलकुल खपायचं नाही. त्यामुळे मीही चिवटपणे विचारत राहिले, आणि हळूहळू लक्षात आलं की बहुतेक रीतींच्या मागे एकच साधी गोष्ट आहे: सोमवारी सगळ्यांना कामावर जायचंय. पिचरचं नाक फुटून चालणार नाही आणि हरलेल्याला तोंड लपवावं लागूनही चालणार नाही. हे मात्र मला पटलं.

त्या दुसऱ्या वर्षी कॅप्टन निवृत्त होणार होता. थंडीच्या आधी घर विकून मुलीकडे, समुद्राच्या बाजूला राहायला जाणार. इतकी वर्षं तो ही टीम चालवत होता, आणि लीगचा कप आमच्या ऑफिसात एकदाही आला नव्हता. कप तरी कसला! पत्र्याचा, वर एक सोनेरी रंगाचा खेळाडू, त्याचा एक हात वाकलेला. पण कॅप्टनने खिडकीपाशी त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. तिथली कुंडी त्याने जूनमध्येच उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली. आणि त्या ऑगस्टमध्ये आम्ही खरंच फायनलला पोचलो.

समोर होती हॉस्पिटलवाल्यांची टीम. त्यांची कॅप्टन एक नर्स, आडव्या बांध्याची, खणखणीत आवाजाची बाई. सामन्याच्या दिवशी ती आमच्याकडे आली ती पडेल चेहऱ्यानेच. त्यांची तिसरी बाई येऊ शकत नव्हती, तिच्या मुलाला ताप होता. म्हणजे नियमाप्रमाणे न खेळताच कप आमचा. आमच्यातल्या एकदोघांचे चेहरे फुलले, मी कशाला खोटं बोलू, माझाही फुलला. कॅप्टनने मात्र टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आमच्याकडे आज चार जणी आहेत. एक तुम्ही घ्या."

हीदेखील न लिहिलेली रीत. समोरची माणसं कमी पडली म्हणून जिंकायचं नसतं. मला वाटलं, चेंडू आला की डोळे मिटणारी आमची रिसेप्शनची मुलगी देईल. त्याने बोट माझ्याकडे केलं.

"मी?" मी ओरडलेच.

"उसनं द्यायचं तर धड द्यावं," अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणाला. शेजारणीने विरजण मागितलं तर आपण काही आंबूस पाणी देत नाही, हे मलाही कळत होतं. पण विरजणाला कुणी विचारत नाही ना!

मी हॉस्पिटलचा निळा टीशर्ट चढवून निघाले तर कडेला घडीच्या खुर्चीत बसलेला नवरा उठून उभा राहिला. हे नागपूरचे, क्रिकेटचे भक्त, दुपारी मराठी असोसिएशनची मीटिंग उरकून थेट मैदानावर आलेले.

"अगं, तू आपल्याच टीमच्या विरुद्ध खेळून राहिली का?"

"अहो, मला लेंड केलंय त्यांना."

"लेंड? तू काय बर्फाचं शोव्हल आहे का शेजाऱ्याला द्यायला?"

"मॉम, दॅट्स सो ऑकवर्ड," लेक फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

उसन्या खेळाडूचीही रीत असते. त्याने शेवटी बॅटिंगला यायचं, कोपऱ्यात उभं राहायचं आणि फार चमकायचं नाही. मी उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. वारा रेजिनाचा नेहमीचा, टोपी उडवणारा, आणि तरी डास होतेच. खेळ चुरशीचा झाला. शेवटच्या डावात दोन्हीकडचे रन सारखे, हॉस्पिटलची बॅटिंग, दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव खलास, त्यांचा एक माणूस तिसऱ्या बेसवर तयार. आणि पाळी कुणाची? माझी. समोर पिचर कोण? कॅप्टन.

त्याने चेंडू टाकला, मी मारला. फटका काही खास नव्हता. चेंडू सरपटत गेला, आमच्या ऑफिसातल्या एका पोराने उचलून पहिल्या बेसवर फेकला. मी धावत होते, चव्वेचाळीस वर्षांचे गुडघे घेऊन जितकं धावता येतं तितकं. मी पहिल्या बेसला वेळेत पोचले तर तिसऱ्यावरचा माणूस घरी पोचल्याचा रन मिळणार आणि हॉस्पिटल जिंकणार. चेंडू आधी पोचला तर मी आऊट, रन नाही.

चेंडू आधी पोचला. ग्लोव्हमध्ये थप्प झालेलं मी ऐकलं आणि मग माझा पाय बेसवर पडला. अंपायरने, युनिव्हर्सिटीतलं कोवळं पोर ते, दोन्ही हात पसरले. सेफ! हॉस्पिटलवाले नाचतच मैदानात घुसले.

आता करायचं काय? अंपायर चुकून आपल्या बाजूने बोलला तर गप्प बसायचं, ही बेसबॉलची जुनी रीत. उद्या तो चुकून आपल्या विरुद्धही बोलणारच असतो. अमरावतीत सरावाला अंपायर नसायचा, जी आऊट ती स्वतः सांगायची, न सांगणारीला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घ्यायचं नाही. पण इथे मी खरं बोलले तर फायदा कुणाचा? माझ्याच टीमचा. कोण विश्वास ठेवणार? आणि गप्प बसले तर कॅप्टनचा कप माझ्या खोटेपणाने गेला. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्या अंपायरचाच भयंकर राग आला. डोळे उघडे ठेवायला काय होतं मेल्याला?

"मी आऊट होते," मी मोठ्याने म्हणाले.

नाचणारे थांबले. नर्सबाई जवळ आली. "नक्की?" तिने विचारलं, फार सभ्यपणे, आणि तेच जास्त लागलं. मागून त्यांच्यातली एकजण खवचटपणे पुटपुटली, "ऑफ कोर्स शी वॉज." अंपायर कानापर्यंत लाल झाला आणि त्याने निर्णय फिरवला. रन रद्द, बरोबरी, एक डाव जास्तीचा. माझ्या टीमलाही आनंद करायचं धैर्य होईना.

कॅप्टन माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "खरं सांग. माझ्यासाठी केलंस का? तसा कप मला नको."

माझा तोल गेला. पहिली दोन वाक्यं मी मराठीतच झाडली, मग इंग्रजीवर आले. "तुझ्यासाठी? मी आऊट होते म्हणून आऊट म्हटलं! सेफ असते तर सेफ म्हटलं असतं, तू रडला असतास तरी!" त्याने मान डोलावली. पण समजूत काढताना डोलावतात तशी. मला फार वाईट वाटलं. दोन उन्हाळे एकत्र खेळलेल्या माणसाला आपला शब्द तोलून बघावासा वाटतो, याचं वाईट वाटलं.

पाणी प्यायला कडेला गेले तर नवरा म्हणतो, "खरंच आऊट होती का गं?"

"तुम्हीसुद्धा?"

"नाही, इथून दिसलं नाही ना," म्हणत त्यांनी बाटली पुढे केली.

जास्तीच्या डावात आधी बॅटिंग माझ्या टीमची. दोन गडी बाद झाले, एकजण दुसऱ्या बेसवर होता आणि कॅप्टन खेळायला आला. मी माझ्या कोपऱ्यात. आठ वाजून गेले तरी ऊन डोळ्यांत येत होतं. त्याने मारलेला चेंडू माझ्याच बाजूला आला, खाली खाली येत, माझ्या पुढ्यात पडणार असा. पडला असता तर रन नक्की होता आणि कपही जवळपास त्याचा. लोक नंतर विचारत होते की तेव्हा मनात काय आलं. काही नाही आलं. चेंडू दिसला आणि मी धावले. शेवटी झोकून दिलं, तोंडात गवत गेलं, कोपर सोलवटलं आणि ग्लोव्ह वर केला तेव्हा चेंडू त्यात होता.

मग हॉस्पिटलची पाळी. नर्सबाईने दुसऱ्याच चेंडूला असा दणका दिला की तो शोधायलाही कुणी धावलं नाही. कप त्यांचा झाला. त्यांनी मला ओढून फोटोत घेतलं, वाकडा हात असलेला तो सोनेरी खेळाडू माझ्या हातात दिला. मघाशी पुटपुटणारी बाई बर्फाची पिशवी घेऊन आली, स्वतः माझ्या कोपराला लावली आणि सॉरी म्हणाली. इथे सॉरी ढिगाने मिळतं, पण हे खरं होतं. मी आनंदात होते आणि आमच्या ऑफिसातली ती रिकामी खिडकी काही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सामना संपला की दोन्ही टीमा समोरासमोर रांगेने चालत जातात आणि प्रत्येकजण प्रत्येकाच्या हातावर टाळी देत "गुड गेम, गुड गेम" म्हणतो. कितीही राग असो, हे चुकवायचं नाही. मी निळ्या टीशर्टवाल्यांच्या शेपटाला उभी राहिले. समोरून माझीच माणसं येत गेली, टाळ्या देत गेली, रिसेप्शनच्या मुलीने तर डोळा मारला. सगळ्यात शेवटी कॅप्टन होता. त्याने टाळी दिली नाही. मातीने माखलेला माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला, आणि त्याला हसू आवरेना.

"आता पटलं," तो म्हणाला. "तू खरंच आऊट होतीस."