रॉकेलचा जाळ

त्या दिवशी पहाटे मी अन् बायकोनं अंगणात शेकोटी पेटवली. म्हणजे तिनंच पेटवली, मी नुसता भांडलो. लाकडं दवानं ओली होती. मी रॉकेलचा डबा उचलला, तर म्हणाली, "ठेवा तो खाली. तुराट्यांखालनं हवेला वाट ठेवायची अन् दम धरायचा. तेवढंच तुम्हाला जमत नाही." दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् बायको गेली.

संध्याकाळी सरणाची लाकडंही ओलीच निघाली. शेजारच्या नामानं अर्धा डबा ओतला. "तात्या, लवकर उरकू." मी त्याला ओतू दिलं. भडका उडाला. रॉकेलचा जाळ नुसता दिसायला मोठा. माणसंही तसलीच, मोठ्यानं रडतात अन् घरी जाऊन जेवतात. मी तरी कुठं वेगळा?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्यासारख्या तुराट्या रचल्या अन् गुडघे टेकून फुंकत बसलो. धुरानं डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा कुठं जाळ धरला. नामा हात चोळत आला. "बरी पेटली की, तात्या!"

तिच्या सरणाला मात्र एवढा दम धरला नव्हता. मी बादलीभर पाणी आणून शेकोटीवर ओतलं अन् घरात गेलो.