घोंगडीचा लाल टाका

त्या दिवशी मी देवावर रुसले होते, खोटं कशाला बोलू? साडेतीन वर्षांची माझी लेक हाक मारली तर वळायची नाही, बोलायची नाही, जवळ घेतलं की अंग आक्रसून घ्यायची. अंगणात तासन्‌तास खडे एका ओळीत मांडायची आणि ओळ मोडली की घर डोक्यावर घ्यायची. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम सांगितला. मध्येच दोनदा झटके आले, म्हणून मेंदूचा एमआरआय करायचं ठरलं. ती पोटात असताना ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, नको नको म्हणत होत्या आणि मी शिकलेली बाई हसत होते. आता उठता-बसता तीच विळी डोळ्यांपुढं यायची. हे माझ्यामुळंच झालं, असं मनानं धरून ठेवलं होतं.

नवरा दक्षिणेत गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी गाळायच्या कामावर. त्यामुळं आटपाडीकडून मी आणि आत्या दोघीच पोरीला घेऊन सांगलीच्या दवाखान्यात आलो. यंत्रात हलायचं नसतं, म्हणून तिला झोपेचं औषध पाजलं. झोपतेय कसली! डॉक्टरांनी थोडं वाढवून दिलं, तरी भिंतीला डोकं घासत ती गोल गोल फिरतच राहिली. आज जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं गेलं. आत्या पुटपुटल्या, "बिरोबाच्या मनात न्हाई बघ." बिरोबा म्हणजे मेंढपाळांचा देव, आमचं कुलदैवत. माझं टाळकंच सरकलं. "तुमच्या बिरोबाच्या मनात काय हाय ते त्यालाच इचारा की," असं भर दवाखान्यात बोलून बसले. आत्यांचा चेहरा उतरला. मला लाज वाटली, पण शब्द काही मागं घेतला नाही.

तेवढ्यात ओल्या लोकरीचा वास आला. बाहेर भर दुपारचं कडक ऊन, पावसाचा पत्ता नाही, आणि वास असा की भिजलेली मेंढरं दारातच उभी आहेत. व्हरांड्याच्या टोकाकडून एक म्हातारी आली, खांद्यावर काळी घोंगडी. मेंढरांना बोलावताना करतात तसं तिनं जिभेनं टक-टक केलं आणि माझी लेक वळली. जन्मात कुणाच्या हाकेला न वळलेली पोर! म्हातारीनं काही विचारलं नाही. पोरीला मानेपर्यंत घोंगडीत गुंडाळलं आणि पाठीवर दोन्ही तळवे दाबून धरले. मी पोरीला सोडवायला पुढं झाले, तोवर घोंगडीतली धडपड हळूहळू थांबली.

मग म्हातारीचा हात झबल्याच्या काठाशी थांबला. "हितं लोखंड हाय. काढा."

आत्या पांढऱ्याफटक पडल्या. लेकराला बाहेर नेताना नजर लागू नये म्हणून अंगावर लोखंड ठेवायची आमच्याकडं रीत. त्यांनी मला न सांगता झबल्याच्या दुमडीत खिळा शिवला होता. कपडे बदलले की पोर किंचाळते, साधं झबलंच राहू द्या, असा हट्ट माझा. अंगावर धातू नाही, हेही मीच छातीठोकपणे सांगितलेलं. नर्सबाईंनी टाका उसवून खिळा काढला आणि तो यंत्रातल्या भल्यामोठ्या चुंबकाजवळ गेला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. मी तो खिळा हातात घेऊन बघत राहिले. वर पाहिलं तर म्हातारी नव्हती. घोंगडी तिथंच होती आणि पोर गाढ झोपली होती. आत यंत्र धडधडत राहिलं, लांबच्या माळावर ढोल घुमावा तसं.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे फोटो पाहिले. मेंदूच्या ठेवणीत काळजीसारखं काही नव्हतं. मी धीर करून विळीचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. "फोटोत सगळं दिसत नाही. अशा मुलांच्या मेंदूतली जोडणी पोटात असल्यापासूनच वेगळ्या वळणानं होत जाते. विळीनं काही होत नसतं, बाई. पण या वयात मेंदू भराभर घडत असतो, तेव्हा शिकवायला आत्तापासूनच लागा." मी तिथंच ढसाढसा रडले.

घरी आल्यावर आत्यांनी घोंगडी उन्हात झटकली आणि धरून तशाच बसून राहिल्या. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते. ते त्यांच्याच हातचे. नातवंडासाठी केलेला नवस फेडताना त्यांनी हीच घोंगडी बिरोबाला वाहिली होती. नवरा फोनवर म्हणाला, "अगं, देवळातनं कुणीतरी नेली असंल." असेलही. मी वाद घातला नाही.

देवाचं देवाला द्यावं म्हणून रविवारी देवळात गेलो. मी घोंगडी ठेवली तोच पोरीनं ती ओढून अंगावर घेतली आणि देवापुढं पालथी पडली. भंडाऱ्याच्या वासात पुन्हा तोच ओल्या लोकरीचा वास मिसळला. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. मग घोंगडीतून एक हात बाहेर आला. चाचपत त्यानं माझा हात धरला आणि तिच्या पाठीवर नेऊन ठेवला. मी हळूच दाबला. तिनं आणखी जोरानं दाबून घेतला.

"ऱ्हाऊ दे तिच्याकडंच," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "दिलीया त्यानं."

इतके दिवस मी देवाला म्हणत होते, हिला बदल. आता म्हणत नाही. हात कुठं ठेवू तेवढं दाखव, असं म्हणते. आणि लेक दाखवते.