मऊ आवाज

इथे आखातात, मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत तो कॉम्प्रेसरच्या गोंगाटात असतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दस्मानच्या किनाऱ्यावर शेजारी बसतो, आणि तो मोबाइलवर बावीस बोअरच्या पिस्तुलाला लावायचे सप्रेसर बघत राहतो.

"सायलेन्सर नाही हो म्हणायचं. आवाज जात नाही, मऊ होतो."

एक लांब म्हणून नको, एक जड, पिस्तुलाचं तोंड खाली झुकेल म्हणून नको. मला आधी धास्तीच वाटायची. असलं पिस्तूल कशाला हवं या माणसाला?

परवा त्याने अखेर एक निवडला, उघडून साफ करता येणारा. बावीसच्या गोळीची काजळी फार धरते म्हणे.

"घेणार कधी?"

"इथे कोण घेऊ देतंय? पिस्तूलही नेमबाजी क्लबचं, तासाभरापुरतं." तो हसला. "गोळी कागदाला लागते ना, तो टप्प आवाज बाराखाली बुडतो. तो एकदा ऐकायचा होता. कान पुरते जायच्या आत."

मोबाइल खिशात ठेवून त्याने डोळे मिटले.

"लाटा वाजतायत ना आता?"

"वाजतायत."

"कशा? सांगा जरा."

मी क्षणभर नीट ऐकलं, आणि त्याच्या बऱ्या कानाशी वाकून सांगू लागलो.